कंट्रोलची बाटली

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. बाबा शिंपीकाम करायचे आणि हात मोकळे झाले की पत्रकं लिहायचे. हमालांच्या मजुरीवर, रेशनच्या काळ्या बाजारावर, बुवाबाजीवर. गुलाबी, पिवळ्या, हिरव्या पातळ कागदांचे गठ्ठे चिंध्यांच्या शेजारी पडलेले असत. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. त्यामुळे उद्गारचिन्ह मला पूर्णविरामाच्या आधी कळलं. पत्रकात ‘कदाचित’ हा शब्द नसतो, आणि आमच्या घरातही तो फारसा नव्हता.

नांदुऱ्याला रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत मला काम मिळालं, तेव्हा बाबांनी सुई हातातल्या कापडात खोचून विचारलं, “रगत तपासून कोणाचं भलं होते?” मी म्हटलं, “खारपाणपट्ट्याचं.”

पूर्णेकाठच्या त्या पट्ट्यात जमिनीतून जे पाणी निघतं, ते खारं असतं. त्यात डाळ शिजत नाही, दूध घातलं की चहा फाटतो. पाहुण्याला गोडं पाणी देणं तिथे तूप वाढण्यासारखं मानतात. आणि तिथल्या गावागावांत किडनी गेलेली माणसं आहेत. ऐन उमेदीतली, शेतात राबणारी. ती अकोल्याला डायलिसिसला जातात, मग जाणं परवडेनासं होतं, मग जात नाहीत. किती गावांत किती माणसं अशी आहेत, हे कुणी नीट मोजलेलं नव्हतं. आमचा अभ्यास ते मोजायला निघाला होता. मी सकाळी गावात रक्त घ्यायची आणि दुपारी धान्यबाजारामागच्या एका माडीवरच्या आमच्या दोन खोल्यांत यंत्रापुढे बसायची. मला वाटायचं, मी आता जगातलं सगळ्यात मोठं पत्रक लिहिते आहे, शाईऐवजी रक्तानं.

एका गोष्टीचा मात्र मला राग होता. ती म्हणजे कंट्रोलची बाटली.

कंट्रोल म्हणजे ज्याचा आकडा आपल्याला आधीच माहीत आहे असं सीरम, रक्तातला पिवळसर द्रव. यंत्राला तो माहीत नसतो. लोकांच्या नळ्या लावण्याआधी ते एकदा लावायचं आणि सगळ्या नळ्या संपल्यावर पुन्हा एकदा. दोन्ही वेळा आकडा ठरलेल्या हद्दीत आला, तरच मधले आकडे खरे. हद्दीबाहेर गेला, तर मधलं सगळं रद्द. दुकानदाराच्या तराजूवर आपलं घरचं किलोचं वजन ठेवून पाहावं, तसा हा प्रकार. गावात माणसं मरताहेत आणि मी इथे कुणाचंच नसलेलं सीरम मोजत बसले आहे, या विचारानं माझा जीव जळायचा.

आमच्या प्रमुख डॉक्टर पुण्याकडच्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. आवाज कधी चढत नसे, पण नियम लोखंडाचे. शेवटचा कंट्रोल आल्याशिवाय एकही आकडा दाराबाहेर जायचा नाही, हा त्यातला पहिला.

तो नियम एका दुपारी आपोआप मोडला. पूर्णेकाठच्या एका गावाच्या नळ्या यंत्रात होत्या. त्या घेऊन आलेली गावची आशाताई, म्हणजे घरोघर फिरणारी आरोग्यसेविका, बसला वेळ होता म्हणून माझ्या खुर्चीमागेच उभी राहिली. अंगानं किडकिडीत, जिभेनं धारदार बाई. तिचा धाकटा दीर किडनीच्याच दुखण्यानं गेला होता. गावाला गोड्या पाण्याची पाइपलाइन मिळावी म्हणून ती कचेरीच्या पायऱ्या झिजवत होती, आणि प्रत्येक वेळी तिला एकच उत्तर मिळत होतं, “पुरावा आणा.”

पडद्यावर क्रिएटिनिनचे आकडे येऊ लागले. किडनी थकली की रक्तात हे वाढतं, आणि जास्त वाढलं की यंत्र तो आकडा काळ्याऐवजी लाल दाखवतं. लाल. पुन्हा लाल. एक काळा, मग लाल, लाल.

“पाह्य!” ताई माझा खांदा दाबत म्हणाली. “मी म्हणत नव्हती? आता कुठी पळतीन ते सायेब?”

“ताई, अजून शेवटची बाटली बाकी आहे.”

“बाटलीले काय घेऊन बसली वं? हे माणसं पाह्य ना!” असं म्हणत ती चपला घालून निघालीसुद्धा. खरं सांगते, माझ्याही छातीत डफ वाजत होता. पुरावा आला होता.

मग मी शेवटचा कंट्रोल लावला. तो हद्दीच्या वर गेला. नवी बाटली उघडून पुन्हा लावला. तोही वर.

मॅडमनी पडदा पाहिला. “बॅच रद्द,” त्या म्हणाल्या.

“मॅडम, कंट्रोलच खराब असेल.”

“म्हणून तर तू दुसरी बाटली उघडलीस. दोन्ही बाटल्या एकच सांगताहेत. यंत्र जास्त दाखवतंय.”

“पण गाव खरंच आजारी आहे! तुम्ही स्वतः पाहिलंय.”

“मी पाहिलंय,” मॅडम म्हणाल्या. “यंत्रानं अजून पाहिलेलं नाही.”

संध्याकाळी घरी आले, तर बाबा लिहायला बसलेले. त्यांची पत्रकं गावात वाटणाऱ्या ताईनं बसमधूनच त्यांना फोन केला होता. वर ठळक अक्षरांत मथळा होता, ‘आमच्या किडन्या कोणी खाल्ल्या?’ सकाळी छापखान्यात द्यायचं, दुपारी बाजारात वाटायचं, असं सगळं ठरलेलं. मी उभ्या उभ्याच म्हटलं, “बाबा, हे छापू नका. आकडे चुकले.”

“कितीक चुकले?”

“माहीत नाही.”

“अवं, थोडे कमी होतीन. मुद्दा तं खरा हाय ना?”

“मुद्दा खरा हाय, म्हणूनच नका छापू.”

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. “लोकं मरून राह्यले पोरी. तुह्या बाटलीची वाट पाहात बसू काय?”

“बाबा, रेशनवाल्याले तुम्ही भर चौकात काय म्हणाले होते? एक दाणा कमी देला तरी ते चोरीच हाय. मंग एक आकडा जास्त देला तं ते काय हाय?”

माझ्या तोंडून ते निघालं आणि मलाच ऐकू आलं. कंट्रोलच्या बाटलीचा मला इतके दिवस राग का होता, ते त्या क्षणी कळलं. ती माझ्या बाजूची नव्हती. ती कुणाच्याच बाजूची नव्हती. म्हणून तर तिच्या शब्दाला किंमत होती.

बाबांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, “लय शिकली तू. आता माह्यावरच पत्रक काढतं काय?”

“गरज पडली तं काढीन.”

“काढ. पण अक्षर जरा सुधार.” आणि त्यांनी तो मथळ्याचा कागद उलटा केला, त्यावर पेन्सिलनं कुणाच्या तरी सदऱ्याची कॉलर आखली आणि कात्री चालवली. त्यांच्या हातून पत्रक कापलं गेलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी चूक शोधायची होती. यंत्राला मोजायला शिकवावं लागतं. त्यासाठी कॅलिब्रेटर नावाची पूड येते. तिच्यात ठरल्याइतकंच पाणी घालायचं आणि यंत्राला सांगायचं, हे पाहा, याला इतकं म्हणायचं. आदल्या दुपारी पहिला कंट्रोल पास झाल्यावर रसायनाची बाटली बदलली, म्हणून ते नव्यानं केलं होतं, आणि करणारा होता आमचा मेहकरकडचा तंत्रज्ञ. त्याला मी दादा म्हणायचे. तो मला ‘पत्रकवाली बाई’ म्हणायचा. कॅलिब्रेटर बनवायचं काम त्याच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं.

“दादा, काल केलं तसंच्या तसं करून दाखवा.”

“घ्या. चोर समजून राह्यली काय मले?”

त्यानं पिपेटमध्ये, म्हणजे मापाच्या काचनळीत, पाणी ओढलं. रेघेला अगदी बरोबर. डोळा रेघेच्या समोर, हात स्थिर. मला एकही खोट काढता येईना. पाणी बाटलीत सोडलं. आणि मग, अगदी सहज, पिपेटचं टोक पुन्हा पाण्यात बुडवून थोडं आणखी ओढलं आणि तेही बाटलीत सोडलं.

“हे काय?”

“काय?”

“हे आता टाकलं ते.”

“अवं, ते वरचं हाय.”

“वरचं म्हणजे?”

भात शिजवण्याआधी तांदूळ का धुतात, असं मी विचारल्यासारखं त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या दुधाचा धंदा. “माप देलं का वरून थोडं घालावं लागते. लहानपणी इसरलो तं माय हातावर मारे. म्हणे, मापात पाप होऊ देऊ नको.”

मॅडम दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि त्यांना असं हसू फुटलं, की त्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या. दादाला आधी काही कळेना. मग त्याच्या हातातली पिपेट हळूच खाली आली.

“म्हणजे मी ते पातळ केलं,” तो म्हणाला. “अन् मशीनले सांगतलं का हेच घट्ट दूध हाय.”

“मग?” मॅडम म्हणाल्या.

“मंग तिले साधं दूध बी बासुंदीच वाटन.” त्यानं कपाळावर हात मारला. “आरं बाप्पा! साऱ्या गावाची बासुंदी केली मी.”

मी आजवर बरीच भाषणं ऐकली आहेत, पण हा सगळा प्रकार इतका सोप्या शब्दांत कुणी सांगितलेला ऐकला नाही. छोट्या बाटलीत वरचं थोडं हे थोडं राहत नाही. दादानं नवी पूड घेतली, मी शेजारी उभी राहिले. पाणी सोडून झाल्यावर त्याचा हात पुन्हा पाण्याकडे निघाला, आणि त्यानं दुसऱ्या हातानं तो धरला. मग कंट्रोल लावला. हद्दीत, अगदी मधोमध.

प्रत्येकाचं थोडं सीरम आम्ही फ्रीजरमध्ये राखून ठेवत असू. तेच पुन्हा लावून खरे आकडे काढता आले असते. पण आकडे रद्द झाल्याचं बाबांकडून ताईला कळलं होतं आणि गावात तोवर संशयाचा वणवा पेटला होता. दादा आणि मी त्याच्या मोटरसायकलवर गेलो, तर शाळेच्या ओट्यावर माणसं जमलेलीच होती.

“काल लाल, आज रद्द,” ताई कमरेवर हात ठेवून म्हणाली. “कोणाचा फोन आला वं?”

“कुणाचा फोन नाही ताई. चूक झाली.”

“सायबानं दाबलं असन,” ओट्यावरचा एक म्हातारा म्हणाला. “आता कमी आकडे आणतीन अन् म्हणतीन, गाव ठणठणीत हाय.”

दादा पुढे झाला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. “चूक माही हाय,” तो म्हणाला, आणि त्यानं माप, वरचं, बासुंदी, सगळं सांगितलं. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. म्हातारा म्हणाला, “अरे लेका, म्हणजे तू इमानदारीच्या पायी चुकला! आमचा दूधवाला तं पहिलेच पाणी घालून आणते.”

ताई हसली नाही. “हसू नका बे!” ती ओरडली. “उद्या आकडा कमी आला तं मी या लोकायले काय सांगू? एकदा भरोसा गेला तं पाइपलाइन गेली समजा. कापूस इकाले नेला अन् वजनाच्या काट्यावर शक आला तं आमी तेच पोतं दुसऱ्या काट्यावर घालून पाह्यतो. तुमचा दुसरा काटा कोणता हाय, दाखवा!”

मला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली. “दुसरा काटा मुंबईला आहे. काही नळ्या रेल्वेनं तिथल्या मोठ्या प्रयोगशाळेत जातात,” मी म्हटलं. “पण तोही तुम्ही मानू नका. आमच्याच काट्यावर तुमचं पोतं दोनदा घाला. एका बाईचं रक्त दोन नळ्यांत, दोन वेगळ्या नंबरांनी. कोणते दोन नंबर एकीचे, ते आम्हाला सांगू नका. आमचा काटा खरा असला, तर दोन्ही आकडे सारखे येतील. नाही आले तर मी स्वतः पत्रक काढीन, आमच्याविरुद्ध.”

मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, “मोठ्या अभ्यासांत असं करतातच. पण गावानं मागणी केलेली मी पहिल्यांदा ऐकतेय. होऊ दे.”

दुसऱ्या दिवशी उपकेंद्रातल्या सिस्टरनं रक्त काढलं. आम्हा दोघांना बाहेर कडुनिंबाखाली बसवून ठेवलं होतं. ज्या बायकांनी दोन-दोन नळ्या दिल्या, त्यांनी आपापले नंबर पाठ केले. नंबरांची जोडी फक्त त्यांच्या डोक्यात होती. एक आजी तर आपले दोन नंबर दळण दळताना ओवी घोळवावी तसे घोळवत बसली होती.

बाजाराच्या दिवशी त्या सगळ्या नांदुऱ्याला आल्या. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत पातळांची दाटी. पिशव्यांतून मेथी आणि कोथिंबिरीचा वास येत होता. मॅडमनी त्यांना भिंतीशी उभं केलं आणि ताकीद दिली, “कशालाही हात लावायचा नाही.” आजीनं लगेच विचारलं, “अन् खोकला आला तं?” दादाच्या कपाळावर घाम होता. सकाळचा कंट्रोल हद्दीत आला. मग राखून ठेवलेलं सगळं सीरम, त्यात मिसळलेल्या बायकांच्या जोड-नळ्या, सगळ्या एकामागून एक गेल्या. आकडे आले, पण मी कुणाला वाचू दिले नाहीत. शेवटी कंट्रोलची बाटली उचलून सगळ्यांना दाखवली.

“ही पास झाली तरच हे सगळं खरं. नाही झाली तर मी आत्ताच पुसून टाकीन.”

“लाव वं माय, लाव,” ताई म्हणाली. तिनं दोन्ही हात जोडले होते, यंत्रासमोर की बाटलीसमोर, मला सांगता येणार नाही.

आकडा आला. हद्दीत.

खालच्या दुकानातले हमाल वर पाहायला आले, इतका आरडाओरडा झाला. मग एकेक बाई आपली नंबरांची जोडी सांगू लागली आणि मी आकडे वाचू लागले. सारखे. सारखे. अगदी सारखे. एकीच्या जोडीत किंचित फरक निघाला, तशी ती पुढे आली, “माह्यात फरक हाय!”

“एवढा चालतो. किती चालतो ते आधीच ठरवून ठेवलेलं आहे,” मी दाखवलं.

“हाव वं,” आजीनं तिला मागे ओढलं. “एक पोतं बी दोनदा ओतलं तं चार दाणे सांडतेतच.”

आता गावाचे आकडे. पहिल्या दिवशी लाल असलेले कितीतरी काळे झाले होते. पण जे लाल उरले होते, ते लालच होते, आणि तेही थोडेथोडके नव्हते. ताईनं आपला स्वतःचा नंबर शोधला. पहिल्या दिवशी तिचाही आकडा लाल होता. माझ्या खुर्चीमागे उभं राहून तिनं तो पाहिला होता आणि कुणालाच सांगितलं नव्हतं. आज तो काळा होता.

“म्हणजे मी चार दिवस फुकटच मरत होती?” ती म्हणाली, आणि मग खाली बसून पदरात तोंड लपवून हसू लागली. हसता हसता रडली. आजी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “ऊठ, भाजी सुकून राह्यली.”

पुढे तालुक्याच्या कचेरीत बैठक झाली. मुंबईहून आलेले आकडे आमच्याशी जुळले होते, ते मी बरोबर नेले होते. ताईला ‘पुरावा आणा’ म्हणणाऱ्या साहेबांनी अपेक्षेप्रमाणेच सुरुवात केली, “असं आहे, अशा छोट्या लॅबचे आकडे कमी-जास्त होतच असतात.”

या वाक्याची मी किती दिवस वाट पाहात होते! मी उठले. कंट्रोल कधी चुकला, का चुकला, आम्ही काय रद्द केलं, का रद्द केलं, गावानं आमची परीक्षा कशी घेतली, सगळं सांगितलं. चुकीपासून सुरुवात केली. ओरडले नाही. जन्मात पहिल्यांदा मला ओरडायची गरज पडली नाही. जी चूक ते शोधून काढणार होते, ती आम्हीच आधी टेबलावर ठेवली होती. मग त्यांच्या हातात काय उरलं?

“पण हे पाण्यामुळेच, असं कशावरून?”

“तसं आम्ही म्हणत नाही,” मी म्हटलं. “ते शोधायला आणखी काम लागेल. एवढ्या माणसांच्या किडन्या थकलेल्या आहेत, हे आम्ही म्हणतो. आणि किडनी थकलेल्या माणसाला हे असलं पाणी पाजत ठेवायचं का, ते तुम्ही म्हणायचं आहे.”

साहेब कागद चाळू लागले. पाठीमागून ताईचा आवाज आला, “सायेब, शक असन तं तुमचं बी रगत दोन बाटल्यांत घालू. लय दुखत नाही.”

सगळी खोली हसली. साहेबही हसले, आणि तिथेच आम्ही जिंकलो. टँकर लगेच सुरू झाला. पाइपलाइनच्या कामात गावाचं नाव लागलं. ज्यांचे आकडे लाल होते, त्यांच्या तपासण्या मॅडमनी पाठीस लागून सरकारी दवाखान्यात सुरू करून घेतल्या. बाबांनी पत्रक काढलं. आकडा पहिल्यापेक्षा लहान होता, मथळाही लहान होता, आणि मी शोधून पाहिलं, पूर्ण पानात एकही उद्गारचिन्ह नव्हतं. “तुह्या बाटलीच्या धाकानं,” ते म्हणाले.

नळाला पाणी आलं, त्या दिवशी दादा आणि मी गावात होतो. शाळेसमोरच्या तोटीखाली घागरींची रांग. ताईनं पहिली घागर कुणालाच लावू दिली नाही. तिनं दादाच्या हातात तांब्या दिला आणि ओट्यावरच्या त्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं. दादानं त्याचा पेला काठोकाठ भरला आणि थांबला. हात अर्ध्यातच अडकला.

“काऊन थांबला रे?” ताई म्हणाली. “घाल ना वरून!”

त्यानं घातलं. पाणी पेल्यावरून, म्हाताऱ्याच्या बोटांवरून, धोतरावरून खाली सांडलं. म्हातारा ओरडला, “अरे लेका, भिजवलं मले!” आणि ओला हात तोंडात घालून त्यानं तो चाखून पाहिला. गोडं होतं.